आठ डॉलरचे जाकीट

सोफिया अमोरुसो यांच्या ‘गर्लबॉस’ (२०१४) या आत्मकथनात एक जाकीट येते. शनेल या फ्रेंच कंपनीचे. साल्व्हेशन आर्मीच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात ते त्यांना ८ डॉलरला मिळाले आणि ईबेवर हजाराहून अधिक डॉलरला गेले. पुस्तकातला यशाचा उपदेश वाचून झाला की विसरायला होतो. जाकीट तेवढे लक्षात राहते.

अमेरिकेत या धंद्याला कच्चा माल मुबलक आहे. सुट्टीच्या दिवशी लोक घरापुढे टेबले मांडून नकोशा झालेल्या वस्तू विकतात, तो ‘गॅरेज सेल’. दानात आलेले कपडे, भांडी, पुस्तके विकून धर्मादाय संस्था आपली कामे चालवतात, ती ‘थ्रिफ्ट’ दुकाने. तिथून स्वस्तात उचलायचे आणि इंटरनेटवर चढ्या भावाने विकायचे, एवढाच हा उद्योग. पण त्यातून एक कथाप्रकार तयार झाला आहे. साचा एकच: इतक्याला घेतले, इतक्याला गेले. दोन आकड्यांच्या मध्ये फक्त नायकाची पारखी नजर. गुप्तधनाच्या गोष्टी आपल्यालाही आवडतात, तेव्हा साचा उथळ आहे अशी तक्रार मी करणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पहिला आकडा ज्याच्या तोंडून आला, त्या माणसाला ही गोष्ट गाळून टाकते. ८ डॉलर ही किंमत कोणी लावली? जाकीट मुळात कोणाचे होते?

ईबेच्या जन्मकथेचेच पाहा. संस्थापक पिएर ओमिद्यार यांना आपल्या वाग्दत्त वधूला पेझ गोळ्यांच्या डब्यांची देवघेव करता यावी म्हणून हे संकेतस्थळ सुचले, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. ही कथा कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने १९९७ मध्ये रचली होती, हे अ‍ॅडम कोहेन यांच्या ‘द परफेक्ट स्टोअर’ (२००२) या पुस्तकाने उघड केले. १९९५ मधली खरी गोष्ट अशी की ओमिद्यार यांनी स्वतःचा बिघडलेला लेझर पॉइंटर लिलावाला लावला आणि तो १४.८३ डॉलरला गेला. तो बिघडलेला आहे हे ठाऊक आहे ना, असे त्यांनी घेणाऱ्याला विचारले. उत्तर आले, मी बिघडलेलेच जमवतो. मला ही गोष्ट कितीतरी सरस वाटते. तिच्यात दोन्ही बाजूंना सगळे माहीत आहे. कदाचित म्हणूनच ती जाहिरातीच्या कामाची नव्हती.

ईबेच्या आधीच्या काळात या धंद्यावर एक चांगली कादंबरी लिहिली गेली: लॅरी मॅकमर्ट्री यांची ‘कॅडिलॅक जॅक’ (१९८२). मॅकमर्ट्री स्वतः जुन्या पुस्तकांचे व्यापारी होते. १९७१ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये दुकान काढले, पुढे पसारा टेक्सासमधल्या आर्चर सिटी या आपल्या गावी नेला आणि २०१२ मध्ये त्यातली सुमारे ३ लाख पुस्तके लिलावात काढली. त्यांचा जॅक हा पूर्वीचा रोडिओपटू. कॅडिलॅकमधून देशभर भटकतो, जुने बाजार आणि लिलाव धुंडाळतो, सापडलेली वस्तू विकून मोकळा होतो. जवळ काहीच ठेवत नाही. वॉशिंग्टनच्या उच्चभ्रूंची टिंगल चालते तिथे कादंबरी ढिली पडते. पण जॅक वस्तूंच्या मालकांकडे जातो तेव्हा ती जिवंत होते. हे विक्षिप्त, हट्टी संग्राहक आपल्या वस्तूंबद्दल बोलतात आणि बोलताना उघडे पडतात. जॅक त्यांच्याकडून नफा कमावतो, हे लेखक लपवत नाही. पण ते कोण आहेत, हेही तो विसरू देत नाही.

पुढे नजरेचे काम यंत्राने घेतले. मायकेल सॅव्हिट्झ यांनी २०१० मध्ये ‘स्लेट’ नियतकालिकात जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याचा कबुलीजबाब लिहिला. आठवड्याचे ८० तास ते पुस्तकांवरच्या पट्ट्या लेझरने वाचत फिरतात, आणि इंटरनेटवर काय भाव मिळेल ते यंत्र सांगते. कमाई बरी आहे. मग लाज का वाटते, हा त्यांचा प्रश्न. या साऱ्या वाङ्मयातला हा मला सर्वांत प्रामाणिक प्रश्न वाटतो. पारख हे निदान कष्टाने मिळवलेले भांडवल होते. ते गेल्यावर उरते ते एवढेच: माझ्या हातात यंत्र आहे, समोरच्याच्या नाही.

अमोरुसो यांच्या पुस्तकाला मात्र न्याय द्यायला हवा. त्याची उत्तम पाने शोधाची नाहीत, शोधानंतरची आहेत. वाफेने कपड्यांच्या सुरकुत्या काढणे, मापे घेणे, फोटो काढणे, वर्णन लिहिणे, खोकी बांधणे. जुना कपडा एकच असतो, म्हणून हे सगळे एकेका कपड्यासाठी पुन्हा करायचे. हे वाचताना आठ आणि हजार यांच्या मध्ये काय असते ते प्रथम कळते. पण पुस्तक या कळण्यावर थांबत नाही. २००६ मध्ये ईबेवर सुरू झालेले त्यांचे ‘नॅस्टी गॅल’ मोठे झाले ते नवे कपडे विकायला लागल्यावर. म्हणजे जुन्या वस्तूंच्या व्यापाराची ही सर्वांत गाजलेली कहाणी वस्तुतः तो व्यापार मागे टाकण्याची कहाणी आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ती बूहू या ब्रिटिश कंपनीने घेतली.

त्याच वर्षी, २०१७ मध्ये, नेटफ्लिक्सवर पुस्तकावरची मालिका आली आणि एका हंगामातच संपली. तिच्यात एक प्रसंग असा आहे की जो पुस्तकाच्या साच्यालाच उघडे पाडतो. नायिका घासाघीस करून दुकानदाराकडून जुने चामडी जाकीट ९ डॉलरला घेते. सौदा झाल्यावर त्याला त्याची खरी योग्यता ऐकवते, आणि आपण काय विकतो ते ठाऊक असायला हवे, असा धडाही देते. नंतर ते ६०० हून अधिक डॉलरला जाते. गाळलेला माणूस इथे क्षणभर पडद्यावर येतो. पण येतो तो मूर्ख ठरण्यासाठी. आपण तिच्या हुशारीवर खूश व्हावे ही मालिकेची अपेक्षा. मी त्या दुकानदाराचा चेहरा बघत राहिलो.

कायद्याला हा पेच जुनाच आहे. विस्कॉन्सिनमध्ये एका बाईने सापडलेला खडा सराफाला १ डॉलरला विकला. तो निघाला पैलू न पाडलेला हिरा, किंमत सुमारे ७०० डॉलर. १८८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सौदा कायम ठेवला, कारण खडा काय आहे हे दोघांनाही माहीत नव्हते आणि फसवणूक झाली नव्हती. आपल्या कथांचा नायक मात्र जाणून घेतो. त्याच्या बाजूने बोलायचे तर शोधाचे कष्ट त्याचे, वस्तू न विकली जाण्याचा धोकाही त्याचा. हे मला मान्य आहे. पण मग ते कष्ट कथेत यावेत. नुसती नजर येऊ नये.

या विक्रेत्यांवर नेहमीचा आरोप वेगळाच असतो: गरिबांचे कपडे ते पळवतात. तो मला अर्धाच पटतो. एडगर हेल्म्स यांनी १९०२ मध्ये बॉस्टनमध्ये ‘गुडविल’चे काम सुरू केले, ते जुन्या वस्तू दुरुस्त करून विकण्याच्या कामातून गरजूंना रोजगार मिळावा म्हणून. दुकान चालणे हाच तिथे मदतीचा मार्ग होता. जेनिफर ल झॉट यांचा ‘फ्रॉम गुडविल टू ग्रंज’ (२०१७) हा इतिहास तर याहून बोचरी गोष्ट दाखवतो. जुन्या कपड्यांचा धंदा ज्यू फेरीवाल्यांच्या हाती होता तोवर तो गलिच्छ आणि रोगट मानला जाई. ख्रिस्ती धर्मादाय संस्थांनी तोच हाती घेतल्यावर तो प्रतिष्ठित झाला. वस्तू तीच, विकणारा बदलला.

मायकेल थॉम्पसन यांनी ‘रबिश थिअरी’त (१९७९) हेच सूत्र मांडले आहे. किंमत उतरत जाणारी वस्तू कचरा होते आणि कचऱ्यातूनच काही वस्तू मौल्यवान होऊन वर येतात. वर कोणती यावी हे ठरवणे हीच सत्ता. आपल्याकडे दारात बसलेल्या बोहारणीशी होणाऱ्या हुज्जतीत ही सत्ता निदान वाटून घेतली जाई. दोन साड्यांत पातेले की परात, यावर घरातली बाई तासभर भांडे. जरीची साडी निघाली की दोघींचे आवाज चढत, कारण जरीतली चांदी दोघींनाही माहीत. सौदा न्याय्य होई असे नाही, पण देणारी मुकी नव्हती.

अमेरिकेतल्या देणाऱ्याला तेवढाही आवाज नाही. १९९९ पासून गुडविलचे स्वतःचेच लिलावाचे संकेतस्थळ आहे; तेव्हा आता चांगले जाकीट आठ डॉलरच्या रांगेत लागण्याआधीच वेचले जाण्याचा संभव अधिक. देणारा मोटारीतून पिशव्या उतरवतो आणि प्राप्तिकरात सवलत मागण्यासाठी पावती घेतो. या साऱ्या व्यवहारात त्याच्या हातचा तेवढाच एक कागद. त्यावरचा किमतीचा रकाना कोरा असतो. तो त्याचा त्यानेच भरायचा.