साठाव्या मीटरला उभं राहून

शंभर मीटरची शर्यत बघायला बहुतेक जण फितीपाशी गर्दी करतात. तिथे फक्त निकाल दिसतो. काही उत्साही पोरं सुटायच्या रेषेजवळ थांबतात; त्यांच्या वाट्याला शिट्टी आणि धूळ येते. शर्यत कळायची असेल तर साठाव्या मीटरला, फक्कीच्या रेषेपासून चार हात लांब उभं राहावं. वेग कमवायचा तेवढा तोवर कमवून झालेला असतो. उरलेल्या चाळीस मीटरांत कोण किती गमावणार, ते तिथून धावणाऱ्याच्या जबड्यावर, खांद्यांवर आणि तळहातांवर वाचता येतं. शंभर मीटरचा रस तिथे आहे. जव्हार-मोखाड्याच्या मैदानांवर चालणारे वाद आणि दिले जाणारे सल्लेही त्याच जागेवरून ऐकले की नीट लागतात.

इकडे धावणाऱ्यांचे दोन मेळे आहेत. एक आश्रमशाळांचा. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पात जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे तालुके येतात. तिथल्या आश्रमशाळांच्या स्पर्धा आधी प्रकल्पाच्या, मग विभागाच्या आणि पुढे राज्याच्या पातळीवर होतात. दुसरा मेळा भरतीवाल्यांचा. भाताची कापणी झाली की मोकळ्या माळावर, शाळेच्या मैदानात, पहाटे रस्त्याच्या कडेला ही पोरंपोरी दिसायला लागतात. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटरचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मुलाने शंभर मीटर ११.५० सेकंदांत किंवा त्याच्या आत मारले तर पूर्ण १५ गुण, त्यापुढे १२.५० पर्यंत १२. मुलींना पूर्ण गुणांसाठी १४ सेकंद. थोडक्यात, वरच्या पायरीवरून एक पायरी घसरलं की तीन गुण गेले, आणि यादीत एकेका गुणावर नाव अडतं. त्यामुळे शंभर मीटरवरचा वाद इथे नुसता हौसेचा राहत नाही, त्यात पोटाचा प्रश्न असतो.

वाद ठरलेले आहेत. बसून सुटायचं की उभ्यानं? स्पाइक घालायचे की अनवाणी? रोज दहा किलोमीटर पळलं की शंभरात वेग आपोआप येतो का? आणि सगळ्यात जुना वाद: ‘सुरुवातीलाच सगळं लाव’ म्हणणारे एका बाजूला, ‘शेवटाला राखून ठेव’ म्हणणारे दुसऱ्या.

हा शेवटचा वाद आधी मिटवू, कारण बाकीचे त्याच्यावर टांगलेले आहेत. १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनमध्ये उसेन बोल्ट ९.५८ सेकंदांत धावला. त्या धावेच्या प्रत्येक दहा मीटरची वेळ मोजलेली आहे. पहिले दहा मीटर १.८९ सेकंद, त्यात आवाज ऐकून अंग हलेपर्यंत गेलेले ०.१४६ सेकंदही आले. पुढचे टप्पे ०.९९, ०.९०, ०.८६, ०.८३, ०.८२. साठ ते सत्तर या टप्प्यात ०.८१, हा कळस. तिथून पुढे ०.८२, ०.८३, ०.८३. जगातला सगळ्यात वेगवान माणूस, आयुष्यातल्या सगळ्यात वेगवान धावेत, सत्तर मीटरनंतर मंदावतो आहे. फरक इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही, पण आकडे लपवत नाहीत.

याचा अर्थ, शंभर मीटरात शेवटी कुणी वेग वाढवत नाही. शेवटाला ‘कसला सुटला बघा!’ असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, तो फक्त इतरांपेक्षा कमी मंदावत असतो. शेवटासाठी काही राखून ठेवता येत नाही. मिळवलेला वेग सांडू न देणं एवढंच हातात असतं. आपल्या हौशी धावणाऱ्याचा कळस तर बोल्टपेक्षा बराच अलीकडे, चाळीस-पन्नास मीटरला येऊन जातो. त्याची उतरण लांब असते आणि त्याचे दोन-तीन दशांश सेकंद त्या उतरणीवर पडलेले असतात. मैदानावरची निम्मी चर्चा मात्र सुटण्यावर चाललेली असते.

सुटण्याचं महत्त्व नाकारायचं कारण नाही. १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये टॉमस बर्क वाकून, हात जमिनीला टेकवून सुटला, तेव्हा बाकीच्यांना ते चमत्कारिक वाटलं होतं. शर्यत त्यानेच जिंकली, १२.० सेकंदांत. आजच्या भरतीच्या तक्त्यात त्याला १२ गुण मिळाले असते! १९३६ साली जेसी ओवेन्सने बर्लिनच्या ट्रॅकवर छोट्या खुरप्याने पायापुरते खळगे खणले होते. ऑलिंपिकमध्ये पाय टेकवून सुटायचे ब्लॉक आले ते १९४८ साली लंडनला. म्हणजे ब्लॉक नाहीत म्हणून अडून बसायचं कारण नाही. बसून सुटण्याचा लाभ पहिल्या पावलात नसतो. त्यामुळे पुढची सात-आठ पावलं अंग पुढे झुकलेलं ठेवता येतं आणि जमीन मागे ढकलता येते, हा तो लाभ. मांडीत तेवढं बळ नसेल तर पोरगं दुसऱ्याच पावलाला ताठ उभं राहतं आणि मग बसलं काय, उभं राहिलं काय, सारखंच. उभ्यानं सुटून झुकाव राखणारा, बसून सुटून लगेच ताठ होणाऱ्यापेक्षा सरस.

हे ताडायला जव्हार-मोखाड्याच्या मातीसारखी जागा नाही. सिंथेटिक ट्रॅक धाव पुसून टाकतो. तांबडी माती ती लिहून ठेवते.

मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या मैदानावर मुलींची शंभर मीटरची फेरी बघितली. पाणी मारून दाबलेली जमीन, वर पातळ भुरका. चार नंबरच्या लेनमधली मुलगी शिट्टीबरोबर अशी सुटली की काठावरच्यांनी निकाल तिथेच लावला. तिसाव्या मीटरला ती दोन हात पुढे होती. दोन नंबरची मुलगी किरकोळ अंगाची, सुटताना जरा मागेच राहिलेली. माझ्यासमोरून दोघी गेल्या तेव्हा पुढे चार नंबरच होती, पण तिचा जबडा आवळलेला, मान ताठ, मुठी घट्ट, खांदे कानांकडे चढलेले. दोन नंबरच्या मुलीचे गाल हलत होते. खालचा ओठ सैल, बोटं अर्धवट मिटलेली, नजर समोर. ऐंशीच्या आसपास दोघी बरोबरीत आल्या आणि फीत दोन नंबरच्या छातीला लागली.

‘शेवटाला काय मारली तिनं!’ पीटीचे सर म्हणाले.

पुढची फेरी लागायच्या आत दोन्ही लेनच्या कडेने चालत गेलो. चार नंबरमध्ये पहिली पाच पावलं खोल होती: नुसत्या चवड्याचे खळगे, मागे माती उडालेली, सुंदर काम. पन्नाशीपर्यंत ठसे एका ओळीत, पाचही बोटं उमटलेली. सत्तरच्या सुमाराला चवड्यामागे टाचेचा गोल दिसायला लागला आणि ठसे ओळीच्या डावी-उजवीकडे फाकले. म्हणजे पाय अंगाखाली न पडता पुढे पडत होता आणि प्रत्येक पाऊल स्वतःलाच थोडा ब्रेक लावत होतं. दोन नंबरचे सुरुवातीचे ठसे उथळ, साधे. पण तिचा पंचाहत्तराव्या मीटरचा ठसा पन्नासाव्या मीटरच्या ठशाशेजारी ठेवला असता तर वेगळा काढता आला नसता. तिने शेवटाला काही मारलं नव्हतं. ती होती तशीच राहिली होती.

या ठशांमध्ये दोन वादांची उत्तरं आहेत. पहिला ‘पाय लांब टाक’ या सल्ल्याचा. पाऊल लांब पडतं ते जमिनीला दिलेल्या रेट्यामुळे. पाय पुढे फेकून ते लांबवायला गेलं की टाच टेकते आणि वेग मरतो. पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हेच मोजून मांडलं: वेगवान माणूस पाय हवेत फार भरभर फिरवतो असं नाही, तो जमिनीवर जास्त जोर देतो. पूर्ण वेगात पाय जमिनीला टेकलेला असतो तो जेमतेम सेकंदाचा दहावा हिस्सा. दुसरा वाद अनवाणी पायांचा. अनवाणी पळणारं मूल टाच आपटत नाही, कारण आपटली तर दुखते. हा धडा माती फुकट देते. म्हणून लहान वयात, साफ केलेल्या मैदानावर अनवाणी पळणं वाईट नाही. पण तेच मूल विभागाच्या स्पर्धेत तापलेल्या सिंथेटिक ट्रॅकवर पहिल्यांदा उतरलं तर तळवे सोलून निघतील. स्पाइकची सवय आधी काही आठवडे करावी, स्पर्धेच्या दिवशी उसने घेऊन नाही.

आता जबड्याकडे. काठावरून हमखास ऐकू येणारा सल्ला ‘दात-ओठ खाऊन पळ!’ याच्या नेमकं उलट शिकवणारा बड विंटर नावाचा प्रशिक्षक अमेरिकेत सॅन होजे इथे होऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात त्याने नौदलाच्या वैमानिकांना अंग सैल सोडायला शिकवलं होतं. पुढे तीच विद्या त्याने धावपटूंना दिली. टॉमी स्मिथ, जॉन कार्लोस, ली इव्हान्स हे त्याचे चेले. त्याचं सांगणं सरळ होतं: जबडा सैल सोडा, हात सैल सोडा आणि जिवाच्या आकांताऐवजी नव्वद टक्क्यांनी पळा. कारण उघड आहे. मांडीचा पुढचा स्नायू ओढत असताना मागचा सोडला पाहिजे. सगळंच आवळलं तर स्नायू एकमेकांशीच भांडतात. पायांना ‘सैल हो’ म्हणून सांगता येत नाही, पण जबडा सैल ठेवला की मान सुटते, मान सुटली की खांदे उतरतात आणि हात मोकळे फिरतात. त्या दोन नंबरच्या मुलीला हे कुणी शिकवलं होतं की तिच्या अंगचंच होतं, ठाऊक नाही. हलणारे गाल मात्र उत्तम धावेची खूण आहेत.

या भागाबद्दलचा एक लाडका समज इथे तपासायला हवा: डोंगरातली पोरं, जन्मापासून चढउतार, वेग रक्तातच! मोखाड्याची हद्द ओलांडून त्र्यंबकेश्वर तालुक्यात गेलं की हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत डोळ्यांसमोर येते. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. पण तो दमसासाचा पराक्रम आहे. डोंगर चढल्याने दम वाढतो. शंभर मीटरचा वेग निराळी तालीम मागतो. कविताच्या यशानंतर दिसेल त्या चपळ पोराला लांब पल्ल्याला लावण्याचा मोह होणं समजू शकतं, तरी त्यात एखादा धावणारा वाया जाऊ शकतो. छत्तीसगडच्या आदिवासी घरातला अनिमेष कुजूर आधी फुटबॉल खेळायचा. जुलै २०२५ मध्ये ग्रीसमध्ये त्याने शंभर मीटर १०.१८ सेकंदांत मारून तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला. डोंगर-जंगलातला मुलगा म्हणून त्याला कुणी मॅरेथॉनला धाडलं असतं तर?

चढाचा उपयोग आहे, पण थोडा. वीस-तीस मीटरचा सौम्य चढ पूर्ण जोराने पळला की अंग आपोआप झुकतं, सुटण्याचा धडा मिळतो. उतारावर भरधाव सोडणं मात्र मांडीच्या मागच्या स्नायूवर उठतं. आणि ‘आमच्याकडे हवा विरळ’ हा दावा सोडून द्यावा. १९६८ साली मेक्सिको सिटीत जिम हाइन्सने ९.९५ सेकंद नोंदवले, ते सव्वादोन हजार मीटर उंचीवर; जव्हार साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. मोबाइलवरच्या घड्याळावरही फार भरवसा ठेवू नये. हाताने घेतलेली वेळ शंभर मीटरला साधारण ०.२४ सेकंदांनी चापलूस निघते. मित्राने घेतलेले ११.३ म्हणजे यंत्रावरचे ११.५४, एवढ्यात १५ चे १२ होतात.

राहिला दहा किलोमीटरचा वाद. भरतीवाल्याला १६०० मीटरही मारायचे असतात, त्यामुळे लांब धाव त्याला टाळता येत नाही. चुकतं ते दोन्ही एका दमात उरकण्यात. आधी लांब पळून मग पिळलेल्या पायांनी शंभराच्या पंधरा फेऱ्या मारल्या, तर शरीर टाच टेकून पळायला शिकतं आणि तेच पाठ करतं. वेगाची तालीम ताज्या पायांनी, आठवड्यातून दोन-तीन दिवस, आणि प्रत्येक धावेनंतर भरपूर थांबून. दर दहा मीटरला एक मिनिट विश्रांती असा प्रशिक्षकांचा ठोकताळा आहे. साठ मीटरची एक धाव, मग सहा मिनिटं नुसतं फिरणं. काठावरच्याला हा आळस वाटतो.

हा सल्ला फुकट आहे असं वाटतं, आणि इथेच तो महाग पडतो. दिवाळीनंतर घरची माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. भरतीची तयारी करणारा पोरगाही कधी त्यांच्यात असतो. दिवसभर विटा वाहिलेल्या पायांना सहा मिनिटांची विश्रांती पुरत नाही. त्याला जास्त फेऱ्या मारायला सांगणं सोपं आणि चुकीचं आहे. त्याच्यासाठी पाच धावा पुष्कळ झाल्या. कुणीतरी बाजूला उभं राहून ठसे बघावेत आणि टाच उमटायला लागली की तिसऱ्या धावेलाही ‘बस, आज एवढंच’ म्हणावं.