एका ओवीतले दोघे

"पाद्र्याने ओव्या लिहिल्या त्या बाटवण्यासाठीच ना, गुरुजी?" केमच्या वर्गात एका मुसलमान मुलाने विचारले, आणि कादंबऱ्या लिहिणारा हा मॅट्रिक मास्तर गप्प झाला.

मुलाचे अगदीच चुकले नव्हते. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापले गेले ते नवख्रिस्त्यांसाठी; गोव्यात तेव्हा इन्क्विझिशन होते. १५७०-७१ मध्ये आदिलशहाने गोव्याला आणि निजामशहाने चौलला वेढा घातला, त्या वैराच्या आठवणीही ताज्याच असणार. पण स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणणारा हा इंग्रज मराठीवर मनापासून भाळला होता, हेही पानोपानी दिसते.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदाचा 'योगसंग्राम' १६४५चा. ओवी तीच, लढाई मात्र स्वतःच्या मनाशी. मला तो अधिक मोठा कवी वाटतो. आपण मात्र दोघांनाही 'परधर्मीयांची मराठी सेवा' म्हणून वेगळ्या कोनाड्यात बसवतो. (मीही फळ्यावर तसेच लिहीत आलो!) घरचा माणूस बोलला तर त्याला कोणी सेवा म्हणते काय?

मुलाला मी दोन्ही ग्रंथ दिले. आठवड्याने 'योगसंग्राम' परत आला. 'क्रिस्तपुराण' अजून त्याच्याकडेच आहे.