पाण्याच्या कांठचीं दोन पुस्तकें

मराठी टीकाकारांची दृष्टि कादंबरी, काव्य आणि नाटक यांवर जितकी खिळलेली असते, तितकी ती वर्णनपर ग्रंथांकडे क्वचितच वळते. ग्रंथाच्या नांवांत ‘वर्णन’ हा शब्द दिसला, कीं तो माहितीचा ग्रंथ ठरतो. इतिहासकार त्यांतून सनावळ्या वेंचतात आणि रसिक त्याला कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून देतात. ही वांटणी आम्हांस मान्य नाहीं. रस्ता, पूल, बांध, कालवा यांसारख्या नित्याच्या उपयोगाच्या वस्तूंचें वर्णन करणें हें वाङ्मयाचें एक स्वतंत्र आणि जबाबदारीचें काम आहे. ज्या समाजांत तें चांगलें होत नाहीं, त्या समाजाच्या हातून त्या वस्तूहि नीट राखल्या जात नाहींत, असें आमचें मत आहे. तें तपासून पाहण्यासाठीं आम्ही येथें दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवीत आहों. एक गोविंद नारायण माडगांवकर यांचें १८६३ सालचें ‘मुंबईचें वर्णन’, दुसरें एल. टी. सी. रोल्ट या इंग्रज लेखकाचें १९४४ सालचें ‘नॅरो बोट’. एकांत पाणी हटवून उभ्या राहिलेल्या शहराची हकीकत आहे, तर दुसऱ्यांत पाणी अडवून केलेल्या वाटांची.

प्रथम इंग्रजी पुस्तक घेऊं, कारण त्याचा परिणाम प्रत्यक्ष दाखवितां येतो. कालवा म्हटला, कीं आपल्याकडे शेताला पाणी देणारा पाट डोळ्यांपुढें येतो. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा कालवा हा त्याचा परिचित नमुना. इंग्लंडांतील कालवे मुख्यतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मालाच्या वाहतुकीसाठीं खणले गेले. होडी पाण्यांत, ती ओढणारा घोडा कांठच्या पायवाटेवर, आणि होडींत कोळसा, अशी ती व्यवस्था होती. पुढें आगगाडी आली आणि हा व्यापार हळूहळू आटत गेला. रोल्ट हा पेशानें इंजिनियर. १९३९ मध्यें ‘क्रेसी’ नांवाच्या जुन्या होडीला राहतें घर करून तो पत्नीसह बॅनबरी गांवाहून निघाला आणि मध्य इंग्लंडच्या कालव्यांतून हिंडला. त्या प्रवासाचें हें पुस्तक आहे.

त्याचा मोठा गुण असा, कीं लेखक ज्या वस्तूला सुंदर म्हणतो, ती चालते कशी हें सांगितल्यावांचून राहत नाहीं. चढउताराच्या मुलखांतून सपाट पाणी कसें न्यावें, हा कालव्याचा मूळ प्रश्न. आणि जलपाश हें त्याचें उत्तर. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांस दरवाजे असलेला बांधीव हौद. चढावयाचें असल्यास होडी आंत घेऊन मागचा दरवाजा लावावा, पुढच्या बाजूच्या झडपा उघडून वरचें पाणी हौदांत सोडावें. हौद भरत जातो, तशी होडी वर येते. दोन्हीकडचें पाणी समपातळीस आलें, कीं जो दरवाजा क्षणापूर्वीं दहा माणसांना हलला नसता, तो एकट्या माणसाच्या रेट्यानें उघडतो. येथें ना वाफ लागते, ना कोळसा. पाण्याचें वजन आणि माणसाचा धीर एवढेंच पुरतें. मध्य इंग्लंडांतील पुष्कळ जलपाश अवघे सात फूट रुंद. म्हणून होड्याहि तितक्याच अरुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब. पुस्तकाचें नांव त्यावरूनच पडलें. टार्डेबिग येथें असे ३० जलपाश ओळीनें आहेत, आणि ते चढून जाणें हा नावाड्यांना आजहि एक पराक्रम वाटतो.

पुस्तक प्रसिद्ध झालें तें युद्धाच्या काळांत. रॉबर्ट एकमन नांवाच्या एका वाचकानें तें वाचून लेखकाला पत्र लिहिलें, आणि १९४६ मध्यें अंतर्गत जलमार्गांच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षीं स्ट्रॅटफर्डच्या कालव्यावर एक लहानसा, पण बोलका प्रकार घडला. तेथील उघडझाप करणाऱ्या पुलाच्या जागीं रेल्वे कंपनीनें होडी खालून जाऊं नये असा ठेंगणा पूल टाकला होता. कायद्यानें जलमार्ग खुला होता. रोल्टनें आपण अमुक दिवशीं येथून जाणार असें कळविलें, आणि कंपनीला तो पूल जॅक लावून उचलावा लागला. केनेट आणि एव्हन यांचा कालवा, ज्याच्या केन हिल भागांत २९ जलपाश आहेत, अनेक वर्षांच्या लोकवर्गणीनें आणि श्रमदानानें १९९० मध्यें पुन्हा सलग खुला झाला. जेथून घोडे चालत, त्या कांठच्या वाटेवर आज सायकलस्वार आणि पादचारी दिसतात; जेथें कोळसा वाहिला जाई, तेथें सुटीचीं कुटुंबें होड्या हांकतात. व्यापार मेल्यावर वस्तूला आनंदाच्या रूपानें दुसरा जन्म मिळाला, आणि त्या जन्माच्या वेळीं सुईण म्हणून एक पुस्तक हजर होतें.

तथापि या पुस्तकाचें कौतुक करतांना त्याचा दोष झांकणें बरोबर नव्हे. रोल्टला नावाड्यांच्या कोठडींतील गुलाबांचीं आणि किल्ल्यांचीं रंगीत चित्रें फार आवडतात. परंतु त्या एवढ्याशा कोठडींत सारें कुटुंब राहत असे आणि सतत फिरत्या होडीमुळें मुलांना शाळा दुर्मिळ होई, ही बाजू त्याच्या मनाला पुरेशी टोंचत नाहीं. गतकालाविषयींची त्याची ओढ इतकी प्रबळ आहे, कीं यंत्रयुगाचा राग करतांना कालवा हेंहि आपल्या काळचें यंत्रयुगच होतें, हें तो मधूनमधून विसरतो. आणि हे कालवे ज्यांनीं कुदळफावड्यानें खणले, ज्यांच्या ‘नॅव्हिगेटर’ या नांवाचा अपभ्रंश होऊन इंग्रजींत मजुराला ‘नॅव्ही’ हा शब्द मिळाला, ते लोक त्याच्या चित्राच्या कडेलाच राहतात.

आतां मुंबईकडे वळूं. येथें प्रश्न उलटा होता. सात बेटांच्या मधून समुद्र आंत शिरे, आणि भरतीच्या वेळीं भायखळ्याच्या आसपासचा सखल भाग पाण्याखालीं जाई. त्याची साक्ष अजून नांवांत उरली आहे. पायधुणी म्हणजे ओहोळ ओलांडून आल्यावर पाय धुण्याची जागा; उमरखाडी ही तर उघडच खाडी. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधलें मोठें खिंडार हॉर्नबी गव्हर्नराच्या कारकीर्दींत बांध घालून बुजविण्यांत आलें. तें काम १७८४ च्या सुमारास पुरें झालें. बांध पुन्हा पुन्हा खचला, तेव्हां देवीनें रामजी शिवाजी प्रभु यांस दृष्टांत दिला आणि समुद्रांतून मूर्ति बाहेर काढल्यावर बांध टिकला, ही लोककथा मुंबईकरांस ठाऊक आहेच. १७९३ मध्यें भायखळ्याच्या बाजूस बेलासिस रस्ता झाला. १८४५ मध्यें अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीनें माहीमची खाडी बांधली गेली आणि तीवर जकात नसावी अशी अट घालण्यांत आली. इंग्लंडानें पाण्याच्या वाटा केल्या. मुंबईनें पाण्यावर वाटा केल्या. मालाच्या वाहतुकीसाठीं कालव्याचा विचार येथें रुजण्यापूर्वींच, १८५३ मध्यें, आगगाडी भायखळ्यावरून ठाण्यास गेली.

हें सारें ज्या पिढीनें होतांना पाहिलें, त्या पिढीचा लेखक म्हणजे माडगांवकर. १८१५ मध्यें जन्मलेल्या आणि १८६५ मध्यें निवर्तलेल्या या गृहस्थांनीं मराठींत एका शहराचें पहिलें सविस्तर चरित्र लिहिलें. बाजार, देवळें, रस्ते, कारखाने, आगगाडी, नाना जातींचे आणि नाना देशांचे लोक, त्यांचे पेशे, सण आणि भाषा, असा त्यांचा पसारा. या पुस्तकास कोणी अव्यवस्थित म्हणेल. आमच्या मतें तो पसारा हाच त्याचा प्राण आहे. शहर हें व्यवस्थित नसतें. आणि भर रस्त्यांत थांबून, शेजारच्या माणसाला विचारून, भाव, मोजमाप आणि किंमत टिपून घेणारा हा लेखक वाचकाला शहराचा जामीनदार करून सोडतो. अमुक काम किती खर्चाचें, कोणाच्या दानाचें आणि कशासाठीं, हें ज्याला कळलें, तो त्या कामावरून पूर्वीसारखा बेपर्वा जाऊं शकत नाहीं. रोल्टच्या पुस्तकांत जलपाशाचें जें स्थान, तेंच येथें या बारीक तपशिलाचें.

दोष येथेंहि आहेत, आणि ते रोल्टच्या उलट जातीचे आहेत. रोल्टला जुनें तेवढें गोड वाटतें, तर माडगांवकरांना नवें तेवढें थोर वाटतें. इंग्रजी राज्याविषयींची त्यांची कृतज्ञता कित्येकदां विवेकाच्या पुढें धांवते. दात्याचें नांव त्यांना मोलाचें वाटतें. पाटी उचलणाराचें तितकें नाहीं. येथें आम्हांस बेलासिस रस्त्यावरील शिलालेखाची आठवण होते. दुष्काळानें सुरतेहून हाकलल्या गेलेल्या गरिबांनीं, लोकवर्गणीच्या पैशावर, हा रस्ता केला, असें त्यांत नमूद होतें. नांव सेनापतीचें दिलें गेलें हें खरें. परंतु रस्ता कोणी केला, हें त्या दोन ओळींच्या दगडानें सांगितलें. दोन मोठ्या ग्रंथांना जें साधलें नाहीं, तें एका दगडाला साधलें, हें टीकाकारानें विसरूं नये.

खरा खेदाचा विषय मात्र पुढचा आहे. इंग्रजींत रोल्टच्या वाटेनें पुष्कळ लेखक गेले. आपल्याकडे १८८९ मध्यें आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ निघाला, आणि नंतरहि अभ्यासू ग्रंथ झाले. परंतु रस्त्यावरील वस्तूचा यंत्रधर्म आणि तिचा आनंद एकत्र सांगणारी ती वर्णनाची परंपरा दुभंगली. आंकडे सरकारी अहवालांत गेले, भावना कादंबरींत गेल्या. भायखळ्याच्या खडा पारशाचेंच पाहा. शेट कर्सेटजी माणेकजी यांचा हा पुतळा ज्या मत्स्यकन्यांच्या कारंजावर उभा आहे, तें कारंजें इंग्लंडांतील कोलब्रुकडेलच्या ओतशाळेचें. याच ओतशाळेच्या लोखंडांतून १७७९ मध्यें सेव्हर्न नदीवर जगांतील पहिला मोठा बिडाचा पूल उभा राहिला. म्हणजे पुलांच्या इतिहासाचा एक सोयराच भायखळ्याच्या दोन उड्डाणपुलांच्या मध्यें उभा आहे. रोज हजारों माणसें त्याच्यावरून जातात. तें नातें त्यांना सांगणारें पुस्तक मराठींत नाहीं.

याची किंमत केवळ वाङ्मयीन नाहीं. भायखळा आणि सँडहर्स्ट रोड यांच्या दरम्यानचा, १८७९ सालचा हँकॉक पूल २०१६ च्या जानेवारींत पाडण्यांत आला. त्याच्या जागचा नवा पूल २०२२ मध्यें खुला झाला. मधल्या काळांत पादचाऱ्यांनीं जीव मुठींत धरून रूळ ओलांडले. रोल्टच्या देशांत एक ठेंगणा पूल होडीला आडवा आला, तर मार्गाचा हक्क म्हणून तो उचलविला गेला. येथें पूल नाहींसा झाला तरी त्याला आपला म्हणणारा वाचकवर्ग नव्हता. मुंबईंत जलपाश नाहीं असेंहि नव्हे. १९१४ मध्यें अलेक्झांड्रा या नांवानें सुरू झालेल्या आजच्या इंदिरा गोदीच्या तोंडाशीं ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद असा जलपाश आहे. पण तो गोदीच्या भिंतीआड, लोकांच्या दृष्टीच्या आणि म्हणून भाषेच्याहि बाहेर. महापालिकेनें तानसाच्या जलवाहिन्यांच्या कडेनें सुमारें ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग योजिला, ही कल्पना आम्हांस मोलाची वाटते, कारण ती घोड्यांच्या पायवाटेचीच मुंबईकर बहीण आहे. फरक एवढाच, कीं येथें पाणी नळांत कोंडलेलें आहे आणि तें तेथें आहे, हें सायकलस्वाराला कोणीतरी सांगावें लागेल. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां विसरलेल्या पाण्यानें स्वतःच आपली ओळख करून दिली. तशा ओळखीपेक्षां पुस्तकाची ओळख बरी.

या दोन ग्रंथांत श्रेष्ठ कोणता, असा प्रश्न कोणी विचारील. घडणीच्या दृष्टीनें ‘नॅरो बोट’ सरस आहे. तें एका प्रवासाच्या सूत्रांत ओंवलेलें आहे आणि त्याची भाषा अधिक तोललेली आहे. परंतु आवांका, माणसांची भूक आणि परक्याविषयींचें औत्सुक्य यांत माडगांवकर पुढें आहेत. रोल्टला एकांत हवा असतो, त्यांना गर्दी हवी असते. आणि मुंबईच्या लेखकाला गर्दीचा कंटाळा येऊन चालावयाचें नाहीं. जो कोणी यापुढें भायखळ्याच्या पुलांचें वर्णन लिहील, त्यानें रोल्टकडून यंत्र समजावून सांगण्याची रीत घ्यावी, माडगांवकरांकडून रस्त्यांत थांबून विचारण्याचा निःसंकोचपणा घ्यावा, आणि सुरतेहून आलेल्या त्या निर्वासितांची आठवण दगडावर न सोडतां ग्रंथांत आणावी. असें पुस्तक निघालें, तर त्याला वरच्या फळीवर जावें लागणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.