माळरानाची वही : निसर्ग, स्फूर्ती आणि मारुती चितमपल्ली

सोलापुराहून विजापूरच्या वाटेने दक्षिणेस निघाले म्हणजे सीना ओलांडल्यावर थोड्याच वेळात मंद्रूप लागते. तेथे डोंगर नाही, धबधबा नाही आणि अरण्य तर नाहीच नाही. दृष्टी पोहोचेल तेथवर सपाट काळे रान. मार्गशीर्षात त्यावर ज्वारी डोलते, आणि वैशाखात त्याच रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अलीकडे भीमेचे पाणी जेथे पोहोचले तेथे उसाचे हिरवे तुकडे दिसतात, इतकेच. अशा गावी जन्मलेल्या एखाद्या लेखनेच्छू तरुणास 'निसर्गापासून स्फूर्ती घ्यावी' असा उपदेश कोणी केला, तर त्याने करावे तरी काय?

तो काय करतो, हे महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांवरून आमच्यासारख्यांस चांगले विदित आहे. तो निर्झराविषयी लिहितो. वनराई, लतावेली, कोकिळेचे कूजन, पर्वतशिखरांवरील धुके या साऱ्यांस तो आपल्या निबंधात पाचारण करतो, आणि ज्या बांधावरून तो रोज चालत येतो त्या बांधावरच्या तरवडाचा मात्र त्यात उल्लेखही नसतो. हा त्याचा एकट्याचा दोष नव्हे. निसर्ग म्हणजे हिरवा, ओला आणि आनंदी असलाच पाहिजे अशी आपल्या क्रमिक पुस्तकांनी आपली समजूत करून दिली आहे. घाटमाथा आणि कोकण येथे जे दिसते ते 'निसर्ग', आणि मंद्रूपला जे दिसते ती नुसती 'जमीन', अशी ही विचित्र वाटणी आहे.

या समजुतीचे खापर पुष्कळदा बालकवींच्या माथी फोडण्यात येते. आमच्या मते हा अन्याय होय. १८९० मध्ये खानदेशात धरणगावी जन्मलेल्या आणि १९१८ मध्ये अकाली गेलेल्या या कवीची 'औदुंबर' ही कविता अवघ्या आठ ओळींची आहे. तीत गाव कोठे, शेते कोठे, पायवाट कोणीकडे जाते आणि झाड कोठे, याची जागच्या जागी नेमकी मांडणी आहे. एखाद्या मोजणीदाराने नकाशा काढावा तशी. त्या कवितेतील उदासपणा या नेमकेपणातून उपजतो. अनुकरण करणारांनी बालकवींचा उल्हास तेवढा उचलला आणि दृष्टी ठेवून दिली.

स्फूर्ती या शब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे. कारण तिच्यासंबंधीचा आपला भ्रम इंग्रजी काव्याच्या अर्धवट वाचनाने पुष्कळ वाढला आहे. वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल फुलांवरील कविता आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केलेली असते, आणि कवी एकटाच हिंडत असता ती फुले त्यास दिसली व कविता झाली, असे आपण धरून चालतो. वस्तुतः १५ एप्रिल १८०२ या दिवशी त्याची बहीण डॉरोथी त्याच्यासमवेत होती. तिने आपल्या रोजनिशीत त्या फुलांचे, सरोवराचे आणि वाऱ्याचे बारकाईने वर्णन टिपून ठेविले. कविता त्यानंतर दोन वर्षांनी लिहिली गेली, १८०७ मध्ये छापली गेली, आणि तिच्यातील दोन ओळी पत्नीने सुचविल्या असे कवीनेच सांगून ठेविले आहे. म्हणजे ज्या कवितेस आपण एकांतातील स्फूर्तीचा नमुना मानतो, तिच्यामागे एक वही, दोन वर्षांचा काळ आणि दोन स्त्रिया उभ्या आहेत! यामुळे कवितेचे मोल कमी होते असे आम्हांस मुळीच वाटत नाही. परंतु स्फूर्ती ही आकाशातून पडणारी वस्तू आहे, या समजुतीस मात्र त्याने चांगलाच धक्का बसावा.

मराठीत या वहीचे महत्त्व ज्याच्या लेखनावरून सर्वांत स्पष्ट दिसते, तो लेखक सोलापूरचाच होय. मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात झाला, आणि १८ जून २०२५ रोजी सोलापुरातच त्यांचे देहावसान झाले. २००६ साली सोलापुरास भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि २०२५ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. या दोन टोकांच्या मधले त्यांचे आयुष्य मात्र प्रामुख्याने वनखात्याच्या नोकरीत, नवेगावबांध, मेळघाट अशा अरण्यप्रदेशांत गेले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'निळावंती' हे त्यांचे ग्रंथ आणि 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र सुशिक्षित मराठी घरांतून आवडीने वाचले गेले आहेत.

चितमपल्ली यांच्या लेखनाची घडण कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. ते अरण्यात गेले ते लेखक म्हणून नव्हे, चाकरी करावयास गेले. पाहिलेले टिपून ठेवण्याची सवय त्यांनी लावून घेतली, आणि या नोंदींच्या साठ्यातून त्यांचे लेख पुढे सावकाश उभे राहिले. पक्ष्यांविषयी जे इंग्रजी पुस्तकांत सापडत नव्हते ते त्यांनी माणसांस विचारले. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार हे त्यांचे या विद्येतील जणू गुरूच. त्यांच्याखेरीज अरण्यात राहणारे गोंड, ढीवर, शिकारी, गुराखी ही सारी मंडळी त्यांच्या पुस्तकांत केवळ पात्रे म्हणून येत नाहीत, जाणकार म्हणून येतात. एखाद्या पाखराचे शास्त्रीय नाव ठाऊक असलेला लेखक त्याच पाखराचे गावठी नाव एका अनक्षर माणसापाशी बसून शिकतो, हे दृश्य मराठी साहित्यात पूर्वी फारसे दिसत नव्हते.

आणि नाव शिकून ते थांबले नाहीत. संस्कृत ग्रंथांतील पशुपक्ष्यांची नावे कोणत्या प्राण्यांची, याचा शोध घेता यावा म्हणून ते संस्कृत शिकले, हंसदेवाच्या 'मृगपक्षिशास्त्र' या ग्रंथाचा मराठी अनुवाद केला, 'पक्षीकोश' रचला. जेथे शब्द नव्हता तेथे नवा घडविला. कावळ्यांच्या वसाहतीस 'काकागार' आणि बगळ्यांच्या वसाहतीस 'सारंगागार' हे त्यांचे शब्द किती नेटके आहेत पाहा! भाषेच्या अंगास ते असे बसले आहेत की, ते काल केले असे कोणास वाटू नये. सोलापूर हे मराठी, कानडी आणि तेलुगु या तीन भाषांचे गाव. अशा गावच्या माणसास एकाच वस्तूची तीन नावे लहानपणापासून कानी पडतात, आणि नावांविषयीचे कुतूहल त्याच्या अंगी आपोआप मुरत असावे, असा आमचा एक तर्क आहे.

मात्र स्तुतीपाशीच थांबणे हे टीकाकाराचे काम नव्हे. चितमपल्ली यांच्या लेखनात पाहिलेले आणि ऐकलेले यांच्या सीमा वारंवार पुसल्या जातात. एखाद्या पक्ष्याच्या घरट्याचे प्रत्यक्ष निरीक्षण वाचीत असता पुढच्याच परिच्छेदात वनवासी लोकांतील एखादी अद्भुत समजूत त्याच सुरात येते, आणि लेखक तिच्यावर विश्वास ठेवतो की केवळ नोंदवितो, हे वाचकास उमगत नाही. 'निळावंती'च्या वातावरणात ही संदिग्धता शोभून दिसते, कारण पशुपक्ष्यांची भाषा कळण्याची ती लोककथाच मुळी गूढ आहे. परंतु ज्या लेखांस निरीक्षणाचा अधिकार हवा आहे, तेथे तिने लेखाचा पाया खचतो. दुसरे असे की, त्यांची वही कित्येकदा लेख होण्यापूर्वीच छापली गेली आहे असे वाटते. नोंदींमागून नोंदी येतात, प्रत्येक नोंद रसाळ असते, पण सगळ्या मिळून कोठे नेत नाहीत.

हा भेद ध्यानी यावा म्हणून व्यंकटेश माडगूळकर यांचे स्मरण करणे योग्य होईल. तेही कोरड्या मुलखाचे. माणदेश आणि मंद्रूप यांच्या पर्जन्यमानात फारसे अंतर नाही. माडगूळकर चित्रेही काढीत, आणि चित्रकारास जी गोष्ट हाताने कळते, म्हणजे काय वगळावे, ती त्यांच्या गद्यात उतरली आहे. १९५५ च्या 'बनगरवाडी'त निसर्गवर्णन असे वेगळे काढून दाखविता येत नाही. पाऊस येतो तेव्हा गाव येते, पाऊस जातो तेव्हा गाव उठते. तेथे दुष्काळ हाच निसर्ग आहे. पुढे त्यांनीही विदर्भातील अरण्यात मुक्काम करून 'नागझिरा' लिहिले. तेथेही शब्द मोजकेच. माडगूळकरांपाशी चितमपल्ली यांचे शब्दधन नाही, आणि चितमपल्ली यांच्यापाशी माडगूळकरांची कात्री नाही. कोणाचे अधिक मोठे, असा प्रश्न कोणी केला तर कलाकृती म्हणून आम्ही 'बनगरवाडी'कडे बोट दाखवू. पण पुढच्या लेखकाच्या उपयोगी कोण अधिक पडेल असे विचाराल, तर चितमपल्ली. कात्री ज्याची त्यानेच मिळवावयाची असते. कापड मात्र दुसऱ्याकडून घेता येते.

येथे एक आक्षेप संभवतो. चितमपल्ली यांस तरी सोलापूर कोठे पुरले? निसर्ग शोधावयास त्यांस विदर्भातील घनदाट अरण्यातच जावे लागले ना? आक्षेप खरा आहे. नोकरीने त्यांस तेथे नेले हे म्हणणे त्यावर पुरेसे उत्तर नव्हे. अरण्याच्या श्रीमंतीखेरीज त्यांची पुस्तके झाली नसती हे कबूल केले पाहिजे. परंतु अरण्यात ते जी रीत शिकले तिला अरण्यच लागते असे नाही. दुर्गाबाई भागवतांचे १९५६ मधील 'ऋतुचक्र' वाचून पाहावे. बारा महिन्यांवर रचलेल्या त्या पुस्तकाची लेखिका मुंबईसारख्या शहरात राहणारी विदुषी होती.

मग मंद्रूपच्या वहीत काय येईल? भाद्रपद-आश्विनात उत्तरा-हस्ताच्या पावसावर रब्बीची पेरणी होते, आणि त्यानंतर ज्वारी आकाशातून फारसे काही न मिळता, जमिनीतील ओल आणि पहाटेचे दव यांवर वाढते. कणसात दूध भरू लागले की भोरड्यांचे थवे उतरतात. हे पाखरू परदेशातून हिवाळ्यास येते. ते टोळ-नाकतोडे खाते आणि कणसेही खाते, म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने ते मित्र की शत्रू हा निकाल अद्याप लागलेला नाही. माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्या मुलास या थव्याचे वळण जितके ठाऊक असते तितके कोणत्या कवीस आहे? विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी कोणत्या बाजूस लोंबतात, माळावर टिटवी अंडी कोठे घालते, बरड, मुरमाड आणि चोपण या जमिनींत उगवणाऱ्या गवतांत फरक काय, या गोष्टींची नोंद करणारे मराठी गद्य आम्हांस अद्याप वाचावयास मिळालेले नाही. आणि विलंबास आता जागा उरलेली नाही. याच जिल्ह्यात नान्नजच्या माळावर ज्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले, तो माळढोक आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. गवताळ माळ नांगराखाली आणि उसाखाली जात आहे. जे पाखरू गेले त्याचे नावही बोलण्यातून जाते, आणि नाव गेल्यावर पुढील पिढीचा लेखक पुन्हा क्रमिक पुस्तकातील कोकिळेकडेच वळतो.

मंद्रूपच्याच तालुक्यात, जेथे सीना भीमेस मिळते त्या हत्तरसंग-कुडलच्या देवालयात शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा एक शिलालेख आहे, आणि मराठीच्या आद्य ज्ञात लेखांत त्याची गणना होते. एक हजार वर्षांपूर्वी या कोरड्या मुलखात कोणी तरी मराठी वाक्य दगडावर कोरले. तेथून पुढे या मुलखाच्या मातीविषयी, गवताविषयी आणि पाखरांविषयी मराठीत किती लिहिले गेले याचा कोणी हिशेब मांडील तर आम्हांस पाहावयास आवडेल. दरम्यान त्या बाजूच्या कोणा शिक्षकाने किंवा शेतकऱ्याने दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी ठेविल्या असतील, तर त्यांतील चार पाने, जशीच्या तशी, कोठल्याही अलंकारावाचून, या मासिकाच्या संपादकांकडे धाडावीत.