तळीरामाची तालीम

बँकेतली बदली आणि नाटकातला प्रवेश, दोन्ही दुसऱ्याच्या सूचनेवरून होतात. पुण्याहून माझी बदली बीड जिल्ह्यात झाली तेव्हा निरोपाच्या चहाला सगळ्यांनी मला दुष्काळाची आठवण करून दिली. नाटकाची कोणीच नाही. इथं रविवारी करायचं काय, म्हणून मी एस.टी.त बसू लागलो. एका रविवारी परळीचा वैजनाथ, दुसऱ्या रविवारी अंबाजोगाईची योगेश्वरी आणि मुकुंदराजांची समाधी. अंबाजोगाई दासोपंतांचीही. या सत्पुरुषाने कागद सोडून लांबलचक पासोडीवर लेखन केलं. आमच्याकडची काही कर्जप्रकरणंही जवळजवळ तेवढीच लांब आहेत, पण त्यांना पासोडीची ऊब नाही.

तिसऱ्या रविवारी धारूरचा किल्ला पाहून, पिशवीभर सीताफळं घेऊन परतताना आमचे एक खातेदार भेटले. पेशाने मास्तर, छंदाने दिग्दर्शक. म्हणाले, "येत्या शनिवारी गावात 'एकच प्याला' आहे. तुम्ही पुण्याचे. नाटक संपल्यावर स्टेजवर येऊन दोन शब्द बोला."

पुण्याच्या माणसाला मत द्या म्हणणं म्हणजे मारुतीला उडी मार म्हणण्यासारखं आहे. मी लगेच हो म्हटलं. शिवाय या प्रकाराला थोर परंपराही आहे. आयर्लंडात हौशी मंडळं गावोगाव नाटकं करतात आणि प्रयोग संपताच परीक्षक स्टेजवर चढून सगळ्यांदेखत नाटकाचं शवविच्छेदन करतो. निवडक मंडळं मग ॲथलोन नावाच्या गावी अंतिम फेरीला जातात. तो महोत्सव १९५३ साली सुरू झाला. आपल्याकडे मुंबई राज्याची हौशी नाट्यस्पर्धा निघाली १९५४ साली. बीड तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. ते मुंबई राज्यात आलं १९५६ साली. म्हणजे आमच्या जिल्ह्याची तिसरी घंटाही दोन वर्षं उशिरा झाली.

प्रयोगाची वेळ दसरा आणि दिवाळीच्या मधली. दिवाळी आटोपली की अर्धं गाव ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातं, त्यामुळे पात्रं पुरत नाहीत. शाळेच्या पटांगणात स्टेज, मागच्या वर्गात रंगपट. मी वही काढली आणि इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबासारखे शेरे लिहू लागलो.

शेरा पहिला: पडदा अर्ध्यावर अडकला, पहिला प्रवेश आम्ही गुडघ्यांपर्यंतच पाहिला. शेरा दुसरा: गुर्जरांची पदं गाळली, कारण पेटीवाले सोयरिकीला गेले. (हे कारण मी नाट्यसमीक्षेत पूर्वी वाचलेलं नाही.) शेरा तिसरा: गडकऱ्यांची भरजरी वाक्यं सुधाकर पोत्यासारखी उचलतो आणि धापकन खाली टाकतो. शेरा चौथा: प्रॉम्प्टरचा आवाज सर्वांत स्पष्ट, त्याला सुधाकर द्यावा. असे चौदा शेरे झाले.

पण दोन ठिकाणी पेन थांबलं. एक, सिंधूपाशी. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि त्यांच्या पश्चात हे नाटक रंगमंचावर आलं. बालगंधर्वांच्या सिंधूने तेव्हा थिएटरं रडवली. इथली सिंधू म्हणजे गावातला शिंपी. दळण दळताना त्याने जात्याला असा हात घातला की माझ्या पुढच्या रांगेतल्या बायका गप्प झाल्या. मला वाटलं, आता पदर डोळ्यांना लागणार. तेवढ्यात एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "कामून बसली ही हितं? पैल्याच दिशी माहेर गाठाया पायजे हुतं!" आणि नवऱ्याला फटकारणाऱ्या गीतेला टाळ्या पडल्या. सिंधूच्या सोसण्यावर शंभर वर्षं लेख लिहिले जाताहेत. म्हातारीने एका वाक्यात निकाल लावला.

दुसरं ठिकाण तळीरामाचं. दारू प्यायलेला माणूस दाखवायचा म्हणजे नट झोकांड्या खातो, जीभ जड करतो. मी पुण्यात असे पुष्कळ पाहिलेत. हा गडी सरळ चालला. भलताच सरळ, जणू जमिनीवर कोणी रेघ मारून ठेवली आहे. पाट सरकवताना दोन्ही हातांनी, जपून. मला एकदम पटलं: पिणारा माणूस पिण्याचं नाटक करत नाही, शुद्धीवर असल्याचं करतो. मी वहीत लिहिलं, 'तळीराम उत्तम. निरीक्षण दांडगं.'

मध्यंतरात मागच्या वर्गात चहा होता. चहा देणारी बाई कपबशी माझ्या हातात देऊन तिथंच उभी राहिली. "सायब, तळीराम आमचे मालक. तुमी शेवटाला बोलनार ना?"

"हो. कामं छान करतात ते. चांगलंच बोलेन."

"चांगलं नका बोलू," ती हळूच म्हणाली. "दीड महिना झाला, तालीम हाय म्हनून थेंब घेतला न्हाई त्यांनी. मास्तरनी अटच घातली, वास आला की नाटकातून बाहेर. तवा तुमी आसं म्हना, तालीम कमी पडली. आजून बसवाया पायजे."

मी वहीकडे पाहिलं. 'निरीक्षण दांडगं.' चहा निवून गेला.

नाटक संपलं. स्टेजवर नारळ हातात देऊन मला उभं केलं. चौदा शेरे खिशात होते, त्यांतले निदान पाच विनोदी होते. मी एवढंच म्हणालो, "नाटक चांगलं आहे, पण तालीम कमी पडली. विशेषतः तळीरामाची. पुन्हा बसवा." टाळ्या अर्थातच पडल्या नाहीत. मास्तरांचा चेहरा पडला, तळीरामाने माझ्याकडे असं पाहिलं की त्या क्षणी मी त्याचा सर्वांत मोठा शत्रू होतो. शेवटच्या रांगेत एक बाई तेवढी कपबशा आवरत हसत होती.

मला आता वाटतं, आयुष्यात मी लिहिलेल्या-बोललेल्या टीकेत तेवढी एकच कोणाच्या उपयोगी पडण्यासारखी होती. आणि गंमत म्हणजे ती खरीही होती. तालीम कमीच पडली होती.

दिवाळीनंतर ती दोघं गेली. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एकच 'कोयता' धरतात. उचल त्या कोयत्यावर मिळते. तिथे ना मास्तर, ना अट. नाटक पुन्हा चैत्रात, जत्रेला. परवा मास्तर पासबुक भरायला आले तेव्हा सांगत होते, जाताना तळीरामाने नाटकाची वही मागून नेली. पाठांतराला की तंबाखू बांधायला, ते चैत्रात कळेल. मी रजा आत्ताच टाकून ठेवली आहे.