सतरा सेकंदांचा चित्रपट आणि आपले प्रयोगपट

विज्ञानाच्या शिक्षकांनी एकदा तरी पाहावा असा एक चित्रपट अवघ्या १७ सेकंदांचा आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, वेस्ट ऑरेंज येथील एडिसनच्या प्रयोगशाळेत, विल्यम डिक्सन यांनी तो १८९४ च्या अखेरीस किंवा १८९५ च्या आरंभी घेतला. एका मोठ्या कर्ण्यासमोर डिक्सन स्वतः व्हायोलिन वाजवीत उभे आहेत आणि शेजारी दोन पुरुष एकमेकांना धरून नाचत आहेत. कथा एवढीच! चित्र फिल्मवर उमटत होते आणि आवाज कर्ण्यातून मेणाच्या दंडगोलावर कोरला जात होता. आज उपलब्ध असलेल्या चित्रपटांपैकी चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपण्याचा हा सर्वांत जुना प्रयत्न मानला जातो.

पुढे या दोघांची ताटातूट झाली. फिल्म एका संग्रहात गेली, दंडगोल दुसऱ्या संग्रहात तुटलेल्या अवस्थेत पडून राहिला. १९९८ मध्ये तो सांधून त्यावरचा आवाज पुन्हा ऐकता आला आणि २००० मध्ये वॉल्टर मर्च या नामांकित संकलकाने संगणकाच्या साहाय्याने दोहोंचा मेळ घातला. शंभराहून अधिक वर्षे मुका असलेला चित्रपट बोलू लागला.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. दंडगोलावर सुमारे २ मिनिटांचा आवाज आहे आणि त्यात व्हायोलिन केवळ २३ सेकंद वाजते. त्या २३ पैकी चित्रातले १७ सेकंद कोणते? शिवाय फिल्म त्या वेळी नेमक्या कोणत्या वेगाने फिरत होती, याची कोठेही नोंद नाही. सेकंदाला सुमारे ४० चित्रे हा अंदाज आहे. म्हणजे अज्ञात गोष्टी दोन झाल्या: आरंभ आणि वेग. आपल्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे समीकरण ओळखीचे वाटेल. आवाजातील वेळ = क + ख × चित्रातील वेळ. ही सरळ रेषा आहे, आणि ती निश्चित करायला दोन बिंदू लागतात. डिक्सन यांनी व्हायोलिन सुरू करताना आणि संपवताना प्रत्येकी एकदा टाळी वाजवली असती, तर मर्च यांना गजाच्या हालचालींवरून सूर शोधत बसावे लागले नसते.

या चित्रपटाचा दोष तो हाच. चित्र आणि आवाज दोहोंत उमटेल अशी एकही ठळक खूण त्यात नाही. पण त्याचा गुण त्याहून मोठा आहे. आवाज टिपणारा कर्णा डिक्सन यांनी प्रेक्षकापासून लपवला नाही. तो चित्रात उघड दिसतो. मोजमाप कशाने केले हे मोजमापाबरोबरच दाखवणे ही वैज्ञानिकाची सवय. ती या १७ सेकंदांत दिसते आणि म्हणूनच आम्ही त्याला करमणुकीचा नव्हे, तर प्रयोगाचा चित्रपट म्हणतो.

आता आपल्या प्रयोगपटांकडे वळू. मोबाइल हाती आल्यापासून अनेक शिक्षक वर्गातील प्रयोगांच्या ध्वनिचित्रफिती तयार करतात. मोबाइल चार-पाच मीटरवर ठेवला की शिक्षकाच्या आवाजापेक्षा पंख्याची घरघर आणि भिंतींवरून येणारा घुमाराच जास्त ऐकू येतो. म्हणून काहीजण दुसरा मोबाइल खिशात ठेवून त्यावर आवाज टिपतात आणि नंतर जोडतात. ही युक्ती उत्तम आहे. महागड्या माइकची गरज तिने संपवली आहे. मात्र जोडणीत हयगय होते. ओठ एक सांगतात आणि कान दुसरेच ऐकतात.

किती फरक चालतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला, किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला, की प्रेक्षकाला तो फरक जाणवू लागतो. उशिरा येणारा आवाज आपण जास्त खपवून घेतो. निसर्गात आवाज नेहमी प्रकाशाच्या मागूनच येतो, त्यामुळे मेंदूला त्याची सवय असते, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर एक चौकट ४० मिलिसेकंदांची. म्हणजे आवाज दोन चौकटी पुढे गेला तरी चूक उघडी पडते.

यावरचा उपाय फुकट आहे. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवावी. हात जुळले ती चौकट आणि आवाजाच्या आलेखातील उंच टोक एकावर एक आणले की 'क' मिळाला. शेवटी पुन्हा एक टाळी वाजवावी म्हणजे 'ख' तपासता येतो. दोन मोबाइलमधील स्फटिकांच्या घड्याळांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असेल, तर तासाभरात ०.१८ सेकंद, म्हणजे साडेचार चौकटींची तफावत पडते. दहा मिनिटांच्या पाठात मात्र ती एका चौकटीहूनही कमी राहते. याउलट, सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन टिपलेला आवाज ४८,००० चा समजून वाजवला गेला, तर दहा मिनिटांचे बोलणे ९ मिनिटे ११ सेकंदांत संपते आणि आवाजही चिरका होतो. असे झाले तर तुकडे सरकवत बसू नये. मूळ नमुन्यांचा दर पाहावा. दोष घड्याळाचा आहे की मांडणीचा, हे आकड्याच्या आकारावरूनच कळते.

येथपर्यंतचे दोष सौंदर्याचे झाले. आमची खरी तक्रार वेगळी आहे. ध्वनीचा वेग दाखवणारी एक ध्वनिचित्रफीत आमच्या पाहण्यात आली. मैदानाच्या दूरच्या टोकाला एक विद्यार्थी थाळीवर दांडा मारतो आणि निवेदक सांगतो, 'पाहा, आवाज उशिरा येतो.' प्रत्यक्षात आवाज दांड्याबरोबरच येतो! थाळीजवळ ठेवलेल्या दुसऱ्या मोबाइलवरचा आवाज कोणी तरी मोठ्या काळजीने चित्राशी जुळवला होता. मेळ अचूक बसला आणि प्रयोग नाहीसा झाला.

अंतर १०० मीटर असेल तर आवाजाला सुमारे ०.२९ सेकंद लागतात. म्हणजे २५ च्या हिशेबाने सात चौकटी. त्या सात चौकटी हेच या प्रयोगाचे फलित. ते दाखवायचे तर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर आलेला आवाज हात न लावता ठेवावा. सात चौकटींत एका चौकटीची चूक धरली तर उत्तरात सुमारे १४ टक्के अनिश्चितता राहते, हेही सांगावे. मोबाइलवर सेकंदाला ६० चौकटींची सोय असल्यास ती वापरावी. अनेक मोबाइल चौकटींचा वेग परिस्थितीनुसार आपोआप बदलतात, म्हणून मोजण्यापूर्वी तो वेग स्थिर आहे ना, हे पाहावे. आवाज आपोआप जुळवणाऱ्या संगणकीय आज्ञावल्या दोन ध्वनिमुद्रणांतील साम्य शोधतात. त्या अंतराचा विचार करत नाहीत. तो शिक्षकानेच करायचा असतो.

दूरचा स्फोट, वीज, अग्निबाणाचे उड्डाण यांच्या चित्रांना मागाहून आवाज जोडण्याची प्रथा जुनी आहे. करमणुकीत ती चालून जाते. पण वीज चमकल्यानंतर गडगडाटापर्यंत सेकंद मोजायला आपण मुलांना शिकवतो आणि दर तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर धरायला सांगतो. त्याच मुलांना लखलखाट आणि गडगडाट एकदम होताना पडद्यावर दाखवले, तर ती कशावर विश्वास ठेवतील? चांगल्या विद्यार्थ्याच्या मनात आपल्याच निरीक्षणाबद्दल शंका निर्माण करणे, हे विज्ञानशिक्षणातले मोठे नुकसान आहे.

म्हणून प्रयोगपट पाहताना शिक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत. आवाज कोठे टिपला आहे? तो चित्राशी कशाच्या आधारे जुळवला आहे? आणि या प्रयोगात आवाज हे केवळ निवेदन आहे की पुरावा? निवेदन असेल तर ते खुशाल सरकवावे, स्वच्छ करावे, पुन्हाही टिपावे. पुरावा असेल तर त्याला हात लावू नये; आणि लावावाच लागला, तर तसे पडद्यावर लिहावे. डिक्सन यांनी कर्णा चित्रात ठेवला होता. आपणही खिशातला दुसरा मोबाइल एकदा कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायला आणि दोन टाळ्या वाजवायला काहीच हरकत नाही. त्याला एक पैसाही लागत नाही.