संगणकीय खेळातील सम्राट अशोक आणि जातिव्यवस्थेचा ‘लाभ’

इतिहास केवळ पाठ्यपुस्तकांतून शिकला जातो, असे मानण्याचे दिवस मागे पडले आहेत. प्राचीन राष्ट्रांचे, राजांचे आणि धर्मांचे जे चित्र आज तरुणांच्या मनावर उमटते, त्यात संगणकावरील खेळांचाही वाटा आहे. त्यांपैकी ‘सिव्हिलायझेशन’ ही खेळमालिका गंभीर विचाराला पात्र आहे. सिड मायर व ब्रूस शेली यांनी रचलेला तिचा पहिला खेळ १९९१ मध्ये, तर सातवा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीपाळीने खेळावयाच्या या खेळात अनेक खेळाडू एकाच वेळी भाग घेऊ शकतात. प्रत्येकाने आरंभी एक संस्कृती व तिचा नेता निवडावयाचा आणि तिला सहस्रावधी वर्षांच्या कालपटातून विजयाप्रत न्यावयाचे, अशी त्याची रचना आहे. या निवडीच्या मुळाशी कोणती इतिहासदृष्टी आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भारताचा नेता म्हणून पहिल्या खेळात गांधीजी होते. १९९६ च्या दुसऱ्या खेळात त्यांच्या जोडीला इंदिरा गांधी आल्या. २००५ च्या चौथ्या खेळात सम्राट अशोक प्रथमच अवतरले. सहाव्या खेळात २०१८ च्या विस्ताराने चंद्रगुप्त मौर्याची भर पडली. बाबासाहेबांचे नाव नेत्यांच्या या मूळ यादीत एकदाही आलेले नाही. परंतु नावाची मागणी करून थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. ज्या यादीत नेता म्हणजे सोयीसवलतींची एक जोडी, त्या यादीत नाव असण्याने नेमके काय साधते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

चौथ्या खेळाचे उदाहरण घेऊ. सोरेन जॉन्सन हे त्याचे प्रमुख रचनाकार. येथे अशोकाला दोन गुण दिले आहेत : ‘संघटक’ आणि ‘आध्यात्मिक’. पहिल्या गुणामुळे राज्यव्यवस्थेचा खर्च निम्म्याने घटतो व न्यायालये लवकर उभी राहतात. राजुक, महामात्र आणि धम्ममहामात्र यांच्याद्वारे राज्य चालविणाऱ्या सम्राटाला हे विशेषण शोभते. दुसऱ्या गुणाचा अर्थ मात्र विलक्षण आहे. ‘आध्यात्मिक’ नेत्याने धर्म किंवा राज्यव्यवस्था बदलली, तर त्याच्या राज्यात अराजकाची एकही फेरी येत नाही. म्हणजे अध्यात्म याचा अर्थ विनासायास बदल! येवल्याची घोषणा १९३५ ची आणि नागपूरची धम्मदीक्षा १९५६ ची. मधल्या एकवीस वर्षांचे अध्ययन, संघर्ष आणि आत्मपरीक्षण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा अर्थ किती उथळ आहे, हे सांगावयास नको.

याच खेळात सात धर्म आहेत आणि सर्वांचे परिणाम सारखेच ठेवले आहेत. कोणाचा अवमान होऊ नये, हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. परंतु त्यामुळे बुद्धाचा धम्म ही केवळ एका रंगाची पताका ठरते. राजधर्म भिन्न असला, की संगणकाने चालविलेले नेते एकमेकांवर रुष्ट होतात. त्यांत अशोकही असतो. परसंप्रदायाचा आदर करावा असे बाराव्या शिलालेखात कोरून ठेवणाऱ्या राजाची ही गत व्हावी, हे खेदजनक आहे.

तथापि आमचा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. या खेळात ‘श्रम’ या शीर्षकाखाली पाच पर्याय येतात : टोळीव्यवस्था, गुलामगिरी, भूदासत्व, जातिव्यवस्था आणि दास्यमुक्ती. त्यांपैकी जातिव्यवस्था ‘विधिसंहिता’ ही विद्या मिळविल्यावर उपलब्ध होते. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी कोणती संहिता जाळली गेली आणि का, हे जाणणाऱ्या वाचकाला येथे एक सत्य अजाणता सांगितले गेल्याचे दिसेल. जात ही आपोआप उगवत नाही. तिला शास्त्राचा आधार लागतो.

पण तिचा परिणाम काय दाखविला आहे? एरव्ही नगरातील विद्वानांची संख्या तेथील ग्रंथालयासारख्या वास्तूंवर अवलंबून असते. जातिव्यवस्था स्वीकारताच विद्वान, व्यापारी आणि कलावंत यांच्यावरील मर्यादा उठते. हवे तितके नागरिक विद्वान होऊ शकतात! इतिहासाचे याहून मोठे उलटे चित्र कोणते असेल? जिने बहुसंख्यांना अक्षरापासून दूर ठेवले, तीच व्यवस्था येथे ज्ञानाची द्वारे सताड उघडते. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी जातीला श्रमविभागणी मानणाऱ्यांचे खंडन केले. जात माणसांनाच एकावर एक अशा बंद कप्प्यांत विभागते आणि व्यवसाय जन्मावरून ठरविते, हे त्यांनी दाखवून दिले. खेळाच्या रचनाकारांनी नेमका तोच खंडित झालेला समज नियम म्हणून स्वीकारला आहे.

मानवी यातनांचा हिशेब खेळात मांडता येत नाही, असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. याच खेळात गुलामगिरीचा वापर करून एखादी वास्तू तातडीने पूर्ण केली, तर नगराची लोकसंख्या घटते आणि उरलेल्यांत असंतोष पसरतो. म्हणजे चाबकाची किंमत तेथे मोजली जाते. जातिव्यवस्थेची किंमत मात्र राज्यखर्चापलीकडे काहीच नाही. कोणी मरत नाही, कोणी रुष्ट होत नाही. गुलामगिरी उघड दिसते आणि अस्पृश्यता आपले दास्य झाकून ठेवते, असे बाबासाहेबांनी या दोहोंच्या तुलनेत दाखविले होते. ते झाकण या खेळातही जसेच्या तसे राहिले आहे. बहुतेक संस्कृतींना येथे विशेष योद्धा मिळतो. भारताला मिळतो तो इतरांहून चपळ असा कामगार. अनेक खेळाडूंच्या सामन्यांत भारत निवडण्याचे ते एक सबळ कारण असते. त्या कामगाराला नाव नाही, वेतन नाही, तक्रारही नाही.

निःपक्षपातीपणे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. एका राष्ट्राने दास्यमुक्ती स्वीकारली, की ती न स्वीकारणाऱ्या राष्ट्रांत असंतोष वाढू लागतो, असा नियम येथे आहे. स्वातंत्र्याची वार्ता सीमा ओलांडते, हे त्यातील मर्म खरे आहे.

आता अशोकाकडे परत वळू. खेळात बौद्ध धर्माचे पवित्र स्थान म्हणून ‘महाबोधी’ उभारता येते. ज्याच्या ताब्यात ते नगर, त्याला धर्म पोहोचलेल्या प्रत्येक नगरामागे सुवर्ण मिळते. अशोकाच्या आठव्या शिलालेखात विहारयात्रांऐवजी धम्मयात्रा सुरू केल्याचे व राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला गेल्याचे सांगितले आहे. त्या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांना दान आणि वृद्धांना सुवर्ण दिले जाई, जनपदांतील लोकांच्या भेटी होत. याच लेखाचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्यास सापडला आहे. खेळात सुवर्ण राजाकडे येते. शिलालेखात ते राजाकडून जाते. दोन दृष्टींमधील अंतर याहून स्पष्ट करण्याची आवश्यकता नाही.

सातव्या खेळात तर अशोकाचे दोन स्वतंत्र नेते झाले आहेत : ‘जगाचा त्याग करणारा’ आणि ‘जग जिंकणारा’. खेळाडूने हवा तो घ्यावा. दुसऱ्याने रीतसर युद्ध पुकारले, की त्याच्या राज्यात उत्सव सुरू होतो, असा नियम प्रकाशनाच्या वेळी होता. वस्तुतः अशोकाचे महत्त्व या दोन अवस्थांमधील परिवर्तनात आहे. ते परिवर्तनच कापून टाकल्यावर उरतात ते दोन मुखवटे. शिवाय अशोकाने जगाचा त्याग केलाच नव्हता. तो सिंहासनावर राहिला आणि उपासक म्हणून राज्य करू लागला. धम्म हा संसार सोडून पळण्याचा मार्ग नसून समाजाच्या पुनर्रचनेचा आहे, ही बाबासाहेबांची भूमिका आम्हांस येथे आठवते.

तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धाचा हिशेब आहे : दीड लक्ष लोक देशोधडीला लावले गेले, एक लक्ष मारले गेले आणि त्याच्या कितीतरी पट मरण पावले. त्याच लेखात वनवासी जमातींना इशाराही आहे, म्हणून अशोकाला निर्दोष ठरविण्याचे कारण नाही. परंतु विजेत्याने आपल्या विजयाची किंमत पराजितांच्या बाजूने मोजावी आणि ती पश्चात्तापासह दगडावर कोरावी, ही घटना जगाच्या इतिहासात दुर्मिळ आहे. या खेळमालिकेने अशोकाचे नाव घेतले, त्याची मुद्रा घेतली. हा हिशेब मात्र घेतला नाही.

आमच्या तरुणांनी हे खेळ खेळू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी ते अवश्य खेळावेत. पण ‘हा नेता मला काय मिळवून देतो?’ या प्रश्नाबरोबर ‘याच्या राज्यात किंमत कोण मोजतो?’ हाही प्रश्न विचारावा. विहारांतील अभ्यासवर्गांत तेरावा शिलालेख आणि ‘जातिनिर्मूलन’ ही दोन्ही या खेळाशेजारी ठेवून वाचली जावीत. जो तरुण ही तुलना करील, त्याला नेत्यांच्या यादीत कोणाचे नाव आहे वा नाही, याहून ती यादी कोणत्या मापाने केली गेली, हे अधिक महत्त्वाचे वाटेल.